आजोबांना सर्दी होईल म्हणून

व्हिडिओ कॉलवर आजी ऐन एप्रिलमध्ये कानटोपी घालून का बसते, असं तुम्ही दोघं विचारता आणि तिकडे खुदुखुदु हसता. हसा, पण कारण ऐकून हसा.

आमच्या संसारात खरं भांडण एकच, पंख्याचं. तुमच्या आजोबांना तो डिसेंबरातही पाचवर लागतो. मला वारा म्हणजे सर्दी आणि सर्दी म्हणजे सगळ्या दुखण्यांची आई. ते झोपले की मी पंखा बंद करायची. उठल्यावर ते विचारायचे, "लाइट गेली होती का?" मी म्हणायची, "हो, बराच वेळ."

अशाच एका डिसेंबरात फिरायला निघताना, बूट घालता घालता ते कोसळले. हृदय बंद पडलं होतं. वाळूजच्या कारखान्यात प्रथमोपचार शिकलेली शेजारची सून धावत आली आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्यांची छाती दाबत राहिली. मी काय केलं? दारातल्या विस्कटलेल्या चपला जोडीने लावल्या.

हॉस्पिटलमध्ये हृदय पुन्हा सुरू झालं, पण शुद्ध येईना. डॉक्टर म्हणाले, "मधे मेंदूला रक्त मिळालेलं नाही. आणखी इजा होऊ नये म्हणून त्यांचं अंग थंड ठेवतोय. जागे झाल्यावर तुम्हाला ओळखतील की नाही, ते आज सांगता येत नाही." मी अस्खलित इंग्रजीत म्हणाले की मला सगळं समजलं. बाहेर येऊन तुमच्या आईला फोनवर मुद्देसूद समजावलंही.

मग मला आत सोडलं. त्यांच्या अंगाला गार पाण्याच्या गाद्या गुंडाळलेल्या, वर पांघरूण नाही. हात धरला तर माठासारखा गार. माझं सगळं इंग्रजी तिथल्या तिथे उतरलं. नर्सची पाठ वळताच मी माझी लोकरी शाल त्यांच्यावर पसरली, काठ सरळ करून गळ्याशी खोचली आणि पर्समधली कानटोपीही त्यांना घातली.

"ओ आजी! हे काय लावलंय? आम्ही इथं त्यांना गार करायलोत अन् तुम्ही उबवायलात व्हय?"

"अहो, पण सर्दी होईल ना त्यांना."

"झाली तर वाफ देऊ. आधी उठू तर द्या!" तिने शाल माझ्या हातात कोंबली आणि कानटोपी माझ्याच डोक्यावर चढवली. "ही तुम्ही घाला. एसी लई गार हाय."

पुढे त्यांना हळूहळू ऊब दिली, गुंगीचं औषध थांबवलं, तरी डोळे उघडेनात. बाहेरच्या खुर्चीत बसून मी, नवसाला आयुष्यभर हसलेली बाई, नवस बोलले: यांनी मला ओळखलं, तर जन्मात पंख्याला हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. घशातली नळी काढल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "काका, या कोण?"

ते बघतच राहिले. मग घोगऱ्या आवाजात डॉक्टरांना म्हणाले, "पंखा लावा. हिला विचारू नका."

तेव्हापासून पंखा पाचवर, समोर कूलर आणि मी कानटोपीत. काल दुपारी पंखा अचानक थांबला. त्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे असं पाहिलं, की मला देवाशपथ म्हणावं लागलं. खरंच लाइट गेली होती.