रिसालदारांचा अबोला

घोडेगावच्या फाट्यावर मी नगरच्या मोटारीची वाट बघत उभा होतो. पोचवायला अख्खी भावकी आली होती, फक्त आबा नव्हते. आबा म्हणजे माझे आजोबा, इंग्रजी रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले, पेन्शनर रिसालदार. आमच्या सोनईपासून बैलगाडीत मी सारखा मागं वळून बघत होतो. शेवटी दादा, म्हणजे माझे शाळामास्तर वडील, म्हणाले, "राग तुझ्यावर नाही रे, त्या यंत्रावर आहे."

दुसरी मोठी लढाई चालू होती आणि मी नगरच्या छावणीत रणगाड्यांच्या वर्कशॉपला भरती झालो होतो. आज झाशीत बसून हे लिहितोय, ते गावात राहिलेल्या भावंडांसाठी, आणि माझ्यासारखं पोटामागं गाव सोडलेल्यांसाठीही. तुमच्यातल्या धाकट्यांना आबा फक्त फोटोतले ठाऊक, म्हणून जरा सांगतो.

पहिल्या मोठ्या लढाईत आबा समुद्रापलीकडच्या वाळवंटात गेले होते. लढाईचं विचारलं की उडवून लावायचे, पण त्यांच्या घोडीचं नाव काढलं की संध्याकाळ पुरायची नाही. घोड्यानं खाल्ल्याशिवाय स्वारानं जेवायचं नाही, हा रिसाल्यातला नियम त्यांनी घरातही चालवला. बैलांपुढं वैरण पडेपर्यंत आमची ताटं वाढली जात नसत. आई पोळ्या झाकून गुमान बसायची.

पुढं बातमी आली, की त्यांच्या रिसाल्याचे घोडे काढून घेतले आणि टँक दिले. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. असं असताना त्यांचा सख्खा नातू त्याच टँकांच्या चाकरीला निघाला, म्हणजे घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तशातली गत. "डबडी धुवाया चाललाय," ते दादांना म्हणाले, "मी न्हाई बोलनार त्याच्याशी."

नगर तसं जवळच, पण छावणीतलं नगर निराळंच होतं. पंजाबी उस्ताद, मद्रासी रंगरूट, टमरेलातला चहा आणि दिवसभर हिंदुस्थानी. मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू? इंजिन उघडून बघताना मला भूक लागत नसे. पण आबा आयुष्यभर असेच गप्प राहिले तर, या विचारानं जीव खालीवर व्हायचा.

पहिल्या सुट्टीला घरी गेलो. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे ओसरीवर बसलो. आबा माझ्यापासून हातभर अंतरावर, पण तोंड दादांकडं.

"इचार त्याला, खातं काय ते डबडं?"

"काय खातं, म्हणतात," दादांनी मला विचारलं.

"पेट्रोल," मी दादांना सांगितलं.

"आन चिखलात बिचकतं का?"

"बिचकत न्हाई, रुततं."

आबा मिशीतल्या मिशीत हसले. "हाक मारली तर येतं का, इचार."

"न्हाई."

"बघ!" असं ते दादांनाच म्हणाले, जणू रणगाडा दादांनी घडवला होता.

मग मात्र प्रश्नांची झड लागली. वळतं कसं, आजारी पडलं तर कळतं कसं, ओढ्यात उतरतं का. हे सगळं त्यांच्या मनात किती दिवस साठलं होतं कोण जाणे! दादांना मध्ये बोलायला जागाच उरली नाही. आबा सरकत सरकत माझ्याकडं वळले आणि थेट माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "रातीला त्याच्यापाशी कोन झोपतं?" रिसाल्यात घोड्यांजवळ रात्रभर माणूस असायचाच.

"कुनीबी न्हाई, आबा. शेडात उभं असतं."



"आन तुझ्यापाशी?"

झाशीत आता माझं पक्कं घर आहे. नातवंडं हिंदीत भांडतात आणि मला दादाजी म्हणतात. शेजारी रोज विचारतात, "सब ठीक?" मीही रोज म्हणतो, "सब ठीक." इतक्या वर्षांत मला ते इतकं सवयीचं झालंय, की खरं काय ते माझं मलाच आठवत नाही. त्या ओसरीवर मात्र मला तसं म्हणणं जमलं नाही. बराकीत शेजारी झोपायला पोरांची रांग होती, पण आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं.

"कुनी न्हाई, आबा," मी म्हणालो आणि रडलो. मला विचाराल तर घर ते, जिथं एवढं सांगता येतं.