आक्काच्या दोरीचं माप

माझ्या बहिणीचा फ्लेक्स ज्याने बनवला, त्याने जरा समोर यावं.

फोटो आडवा ताणलाय मेल्याने. चौकट भरायची म्हणून. आक्काचं तोंड परातीएवढं केलंय!

सगळ्या सारंगखेड्यात एकाच बाईला कळलं असतं की हे माप चुकलंय, आणि नेमकी तीच काल गेली.

मी तिसरीपर्यंत शिकले. शुद्धलेखन सांभाळून घ्या. राग मात्र शुद्ध आहे.

आमचे आबा सुतार, घरामागच्या छपरात त्यांचं काम चालायचं. इंग्रज होते तेव्हाची गोष्ट. मी सात वर्षांची, आक्का बारा.

आक्काकडे सुताची एक दोरी असायची, कायम कमरेला खोचलेली. दिसेल ते मापायची.

माझ्या बोटाचं पेर मापलं. बेंबीपासून पाय मापले, मग डोक्यापासून पाय. दोरीची घडी घालून दाखवायची, "बघ, लहान तुकडा मोठ्याला जसा, तसा मोठा तुकडा सगळ्या दोरीला. पाच आणि आठ. जे डोळ्याला बरं दिसतं ना, त्यात बहुतेक हेच निघतं."

"मी बरी दिसते का मग?"

"बाकी ठीक शे. नाक जास्ती शे तुन्हं."

आमच्या म्हशीला ते माप बसलं नाही. आक्का म्हणाली, म्हैस चुकली. म्हशीने लाथ मारली. असो, म्हशीचं पुन्हा कधीतरी सांगेन, मूळ गोष्ट राहते.

तर धानोऱ्याचे एक शेठजी माडी बांधत होते. खिडकी हवी होती, सागाची, त्यांच्या मारवाडातल्या घराला होती तशी. गवंड्याने भिंतीत जागा सोडली, आणि शेठजींनी गड्याबरोबर मापाच्या दोन दोऱ्या पाठवल्या. एक रुंदीची, एक उंचीची.

गड्याने रुंदीची दोरी पागोट्यात खोचली. उंचीची मनगटाला गुंडाळली.

आणि तापी उतरून आला. मनगट पाण्यात!

कोरं सूत भिजलं की आकसतं. पण आमच्यात घरधन्याने दिलेल्या दोरीवर सुतार शंका घेत नाही. घेतली तर त्याच्या घराला अपशकुन केल्यासारखं. आबांनी दोरी लावली, सागाच्या फळीवर रेघ मारली.

आक्काने रुंदीच्या दोरीच्या पाच घड्या घातल्या. तीच घडी उंचीच्या दोरीवर मोजली. आठ वेळा यायला हवी होती, साडेसात वेळाच आली. आबांनी आजवर शेठ लोकांना केलेल्या सगळ्या खिडक्या तिने मापलेल्या होत्या. सगळ्या पाच-आठच्या.

"आबा, हाई दोरी आखूड शे."

"शेठनी दोरी शे ती. तुले काय समजस व? चूल देख जा."

आबा पाणी प्यायला गेले. आक्काने दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, आठ घड्यांचं नवीन माप धरलं, आबांची रेघ पुसली आणि चार बोटं पुढे मारली.

मी टोक धरून दाराकडे बघत होते. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आबा आले आणि त्या रेघेवर कापलं.

खिडकी भिंतीत अशी बसली की बोटाची फट नाही! शेठजी स्वतः आमच्या दारात आले. "वाह मिस्त्री, क्या खिड़की बनाई है!"

आबा म्हणाले, "हात बसेल शे मन्हा, शेठजी."

शेठजी गेल्यावर आक्का हसत हसत आबांकडे गेली. तिला वाटलं, आता आबा खूश आहेत.

"आबा, ती रेघ मी पुढे करी."

आबांनी आधी दोरी बघितली. मग तिच्याकडे बघितलं. त्यांना कळलं.

आणि मुस्काटात मारली.

"आजपाईन छप्परमा पाय ठेवानं नही."

चुकली असती तर एक वेळ समजलं असतं हो. ती बरोबर निघाली म्हणून तिला बाहेर काढलं! पुढच्याच वर्षी लग्न लावून दिलं.

आबांना जाऊन जमाना झाला, पण मी अजून त्यांच्याशी भांडते. आक्का नाही भांडली. तिने आयुष्यभर नातवंडांची बोटं मापली, पोळपाट मापला, सुनेचं नाक मापलं (सुनेला आवडलं नाही).

माझी इंजिनीअर नात परवा म्हणाली, "आजी, याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात. मोठमोठ्या लोकांनी पुस्तकं लिहिलीत यावर."

लिहू देत. आमच्या आक्काला कुणी हातात फळी दिली नाही, पुस्तक कुठून देणार?

काल अंगणात बांबू आणले. पोरं टेप शोधत होती, एकाला सापडेना, दुसऱ्याचा मोडका. तिरडी बायका बांधत नाहीत आमच्याकडे, मला माहीत आहे.

मी म्हटलं, सरका.

आक्काच्या कमरेची दोरी सोडली. डोक्यापासून पायापर्यंत तिला लावली आणि बांबूवर रेघ मारली.

आक्काचा थोरला म्हणाला, "मावशी, हे माणसांचं काम..."

मी करवत त्याच्या हातात दिली.

त्याने त्या रेघेवर बांबू कापला. सगळ्यांसमोर. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही.

आक्का, तुझी धाकटी तुला हात जोडते. सावकाश जा, बाई.