शेवटच्या नळाचं पाणी

रिसोड रस्त्यावरच्या आमच्या गावाला पाणी धरणातून येतं. फिल्टरवर त्यात तुरटी पडते, गाळ खाली बसतो, मग ते वाळूतून गाळतात आणि क्लोरीन देऊन टाकीत चढवतात. एवढं सगळं झाल्यावर लोक म्हणतात काय, तर दवाईचा वास येते! अरे बाबांनो, तो वास म्हणजेच तुमची राखण. चार वर्षं झाली, मी घरोघरचे नळ तपासते आणि हेच सांगून सांगून तोंडाला फेस आला.

तपासणी सोपी आहे. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पाणी चांगलं. कोरं राहिलं तर भानगड.

मागच्या उन्हाळ्यात एका गल्लीतल्या शेवटच्या घरी पाणी कोरंच राहिलं. त्या घरची लेक बाळंतपणाला आलेली, सातवा सरलेला, आणि पलीकडच्या गल्लीत कावीळ निघालेली. गरोदर बाईला कावीळ म्हणजे जिवाशी खेळ. तिच्या आईला मी काकू म्हणते. त्या उलट खूश, आमच्या नळाले वासच नाई म्हणून. उकळल्याशिवाय लेकीला घोटभरही देऊ नका, असं मी त्यांना चांगलंच दटावलं. काकू रुसल्या. रुसू दे.

मग गल्लीच्या तोंडापासून एकेक नळ तपासत आले. तीन घरं पिवळी, चौथ्यापासून कोरी. मधे पाइप नालीतून गेलेला. फिटरला म्हटलं, इथंच खोद. तो माझ्या नळीलाच खोटं ठरवायला निघाला, तशी मी तिथंच ठाण मांडलं. खोदलं तर पाइपाला बोटभर चीर. नळ गेले की नालीतलं पाणी तिच्यातून आत शिरत होतं. फिटरनं पाइप बदलला.

पुढच्या पाळीला नळ यायच्या आधीच मी काकूंच्या दारात. सुरुवातीचं पाणी वाहू दिलं, मग थेंब टाकले. पिवळंधमक! माझे डोळेच भरून आले. खात्रीसाठी पुन्हा तपासावं म्हणून म्हटलं, "काकू, अजून एक ओटी घेते न् जाते."

नळीत टाकायच्या औषधाचं इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून या तपासणीला आम्ही नळ तपासणारे नुसतं ओटी म्हणतो. काकूंना ते काय माहीत! त्या आत गेल्या आणि गहू, खोबऱ्याची वाटी, खण घेऊन आल्या. मला आधी हसूच फुटलं. मग हसू आटलं. नवरा गेल्याला पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून हळदीकुंकवालासुद्धा मला कोणी बोलावलं नव्हतं.

तपासणीचं नाव तसं आहे, हे मी त्यांना समजावलं. मग हळूच म्हटलं, "अन् मले ओटी चालत नाई, काकू. तुमाले तर माहीत हाय."

"सारं माहीत हाय मले. पदर धर," काकू म्हणाल्या, आणि आत वळून लेकीला हाक मारली, "ये वं, तूच भर इची ओटी."

पोट सांभाळत ती हळूहळू बाहेर आली. मी पदर पसरला.