मालाखीच्या घरचा विस्तव

चोर म्हणे! अहो, माणूस आपल्याच घरात शिरला तर तो चोर होतो होय? पण मालाखी डेव्हरेन झाला. घरफोडीबद्दल त्याला दहा वर्षं काळ्या पाण्याची सजा झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या टोकाला आमच्या या व्हॅन डीमन्स बेटावर मेंढ्यांमागे आणून सोडलं.

मी बेसी हेहिर. मीही त्याच्यासारखी आयर्लंडची, क्लेअरकडची. शाल चोरल्याच्या सजेवर आले. चोरलीच होती, खोटं कशाला बोलू? मेंढ्यांच्या मालकाच्या गड्यांचा स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे मालाखीची कहाणी ऐकून ऐकून मला पाठ झाली.

खंड थकला म्हणून जमीनदाराच्या माणसांनी त्याला आणि त्याच्या विनीला घराबाहेर काढलं, दारंखिडक्यांना फळ्या ठोकल्या. भांडीकुंडी आत राहिली, ती आता जमीनदाराची. आणि चुलीत राखेखाली राहिला विस्तव. आमच्यात चुलीतला विस्तव विझू देत नाहीत. रात्री निखारे राखेत झाकायचे, सकाळी फुंकायचे, सासूनं सुनेच्या हवाली करायचे. विझला की घर बुडालं. मालाखीकडचा पणजीच्या वेळचा होता. म्हणून हा रात्री खिडकीची फळी उचकटून आत शिरला, लोखंडी भांड्यात निखारे भरले आणि विनीच्या हातात दिले. ती पळाली भावाच्या झोपडीकडे. हा सापडला. कोर्टात विस्तवाचं नावसुद्धा निघालं नाही, निघालं ते भांड्याचं.

नेताना बायकोला एवढंच म्हणाला, "मी येईपर्यंत विझू देऊ नकोस."

काही वर्षांनी चांगल्या वागणुकीबद्दल त्याला बेटावर मोकळं राहायची सूट मिळाली. अशा कैद्यांच्या बायकांना सरकार स्वतःच्या खर्चानं आणायचं. मी त्याच्या मागेच लागले.

"अरे ठोंब्या, अर्ज कर! फुकटात बायको येतेय."

"आणि विस्तव कोण राखेल गं?"

"चुलीत गेला तुझा विस्तव!"

"चुलीतच आहे," म्हणाला, आणि हसला मेला.

"इथे रानंच्या रानं पेटतात. आगीला काय तोटा आहे?"

"ती आमची नव्हे, बेसी. सजा संपली की मीच जाईन."

असा संताप आला! पण रात्री मीही माझे निखारे राखेत झाकलेच. त्याचं म्हणणं मला कळत होतं. मी तरी कुठली वेगळी?

मग तिकडे आयर्लंडात बटाट्याचं पीक सडलं, गरिबाचं तेच अन्न, आणि माणसं पटापट मरायला लागली. इथे कैद्यांची नवी खेप आली, त्यात मालाखीच्या गावचा फेस्टी कर्टिन होता. माझ्याकडे सूप पीत बसला होता, तेवढ्यात मालाखी माळावरून धावत आला.

"फेस्टी, आमची विनी कशी आहे रे?"

फेस्टी वाडग्यातून मान वर करेना. "गाव उठलं, मालाखीदादा. तिचा भाऊ अमेरिकेच्या जहाजावर चढला. तिचंही भाडं भरलं होतं त्यानं. आम्ही सगळे तिच्या हातापाया पडलो. म्हणाली, चुलीत विस्तव आहे, टाकून कशी येऊ?"

"मग?"

"मग काय, राहिली एकटी. मी गेलो तेव्हा चुलीपाशीच पडली होती. जीव नव्हता."

मला वाटलं हा आता हंबरडा फोडेल. पण त्यानं हळूच विचारलं, "विस्तव होता?"

"होता की. चांगला फुललेला होता. त्यावर शिजवायलाच काही नव्हतं."

मालाखी वळला. दाराशी पाण्याची बादली होती, ती त्यानं माझ्या चुलीत उपडी केली. धूर, राख, सगळं घरभर झालं. एरवी माझ्या चुलीला कुणी हात लावला तर मी हात मोडीन. निखारे अजून चरचरत होते. त्या दिवशी मीच दुसरी बादली भरून त्याच्या हातात दिली.

सजा संपली, पण घरी जायचं नाव त्यानं काढलं नाही. पुढे कधी ऊन अन्न खाल्लं नाही, झोपडीत जाळ केला नाही. मी गरम भाकरी पुढे केली की निवेपर्यंत तिच्याकडे बघत बसायचा. गेल्या हिवाळ्यात गारठून गेला. सरपण दाराशीच रचलेलं होतं, मीच रचून ठेवत असे.