वजिराला वजीर

लातूरच्या स्टँडमागं गणेश मंडळाची एक पत्र्याची खोली होती. आता तिथं फिजिक्सचा क्लास भरतो आणि दारात दोनशे चपला असतात. पण काय संध्याकाळी होत्या हो त्या! खोलीत बुद्धिबळ चालायचं आणि तिथला बादशहा होता एसटीचा कंट्रोलर रामकिशन. दिवसभर माईकवरून गाड्या सोडायचा, संध्याकाळी पट मांडायचा. त्याचा नेम एकच. समोरच्याच्या घड्याळात वेळ उरला नाही ना, मग मोहऱ्याला मोहरा देऊन पट मोकळा करायचा नाही. मोकळ्या पटावर गडी भराभर खेळून सुटतो. गुंता ठेवला की विचार करत बसतो आणि घड्याळच त्याला खातं.

त्याचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे ईश्वरप्पा. हा डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होता, राहायला निलंग्याकडच्या एका खेड्यात. माणूस इतका सावकाश, की एका खेळीत दोन चहा निवायचे. पण रोज शेवटची गाडी गाठायचाच. घरी बायको, कमलम्मा, जेवायची थांबलेली असायची.

त्र्याण्णवची अनंत चतुर्दशी आली. मंडळाच्या स्पर्धेचा शेवटचा डाव, आणि समोरासमोर हेच दोघं. दोन्ही वजीरही पटावर एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभे. ईश्वरप्पाकडं चार मिनिटं उरली होती. वजिराला वजीर दिला असता तर डाव बरोबरीत सुटला असता आणि कप दोघांत झाला असता. तेवढ्यात स्टँडवरचा माईक ऐकू आला, ईश्वरप्पाच्या गावाकडची शेवटची गाडी सुटायला आली होती, डाव लगेच मिटला तरच मिळणार होती. रामकिशनला कळलं नव्हतं होय? जन्म गेला त्याचा गाड्यांत! पण कपाची हाव सुटली. त्यानं वजीर मागं घेतला आणि गुंता आणखी आवळला. गाडी गेली. थोड्या वेळानं ईश्वरप्पाचा वेळ संपून घड्याळाचं लाल निशाण पडलं आणि कप रामकिशनला मिळाला. ईश्वरप्पा मिलमध्येच पोत्यांवर झोपला.

पहाटे भूकंप झाला. ईश्वरप्पाचं घर उरलं नाही, कमलम्माही उरली नाही.

लोक म्हणायचे, "रामकिशन, तुझ्या डावानं गडी वाचला." हे ऐकलं की तो तिथनं उठून जायचा. वाचवला, का तिच्या शेवटच्या रात्री तिच्यापासून अडवून ठेवला? गडी घरी असता तर तिला बाहेर काढलं असतं का? विचारायची छाती झाली नाही. ईश्वरप्पा लातुरात राहायला आला, क्लासच्या पोरांसाठी मेस काढली आणि संध्याकाळी पूर्वीसारखा पटासमोर बसू लागला. बदलला तो रामकिशन. ईश्वरप्पाचा वेळ सरत आला की हा वजिराला वजीर, हत्तीला हत्ती देऊन मोकळा. सगळे डाव बरोबरीत, भाताच्या पेजेसारखे बेचव. अशी नऊ वर्षं गेली.

मग मंडळानं ती खोली एका क्लासवाल्याला द्यायची ठरवली. शेवटच्या संध्याकाळी नवी बाकं दाराबाहेर येऊन पडली होती. आत ईश्वरप्पाकडं तीन मिनिटं उरली होती. रामकिशनचा हात सवयीनं वजिराकडं गेला, तसं ईश्वरप्पानं त्याचं मनगट धरलं.

"नऊ वर्षं मला पेज पाजत राहिलास तू."

"तसं न्हाई, ईश्वरप्पा..."

"तसंच हाय. त्या दिवशी माईक झाला तवा तुझ्या आधी खेळी माझी होती. मी दिला का वजीर? माईक मला बी ऐकू आला होता रे. ती जेवायची थांबलीय हे बी ठाऊक होतं. पण मला बी कप पाहिजे होता. सगळाच्या सगळा." त्यानं मनगट सोडलं. "हे तुला सांगितलं असतं तर तू तरी सुटला असतास. माझीच जीभ उचलली न्हाई."

रामकिशन रडला. ओक्साबोक्शी रडला, लाज न बाळगता. ईश्वरप्पानं त्याला रडू दिलं आणि मग म्हणाला, "तुझं घड्याळ चालू हाय. आता खेळ. नीट खेळ."

रामकिशननं डोळे पुसले आणि वजीर मागं घेतला. गुंता असा आवळला, की ईश्वरप्पा डोकं धरून बसला. लाल निशाण पडलं. "अरे लुच्च्या!" म्हणत ईश्वरप्पा नऊ वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसला.

क्लासवाला कुलूप घेऊन दारात उभा होता.

"थांबा जरा," रामकिशन त्याला म्हणाला, "अजून एक डाव हाय."