सतरा नंबरचा वशिला

माझ्या मावशीच्या यजमानांइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या टेक्सासात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या बायकोने त्याला केव्हाच सोडलं असेल. आमची मावशी टिकली ती तिच्या पुणेरी चिकाटीवर. काका मूळचे नागपूरचे. तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आले, इथल्या एका लहानशा गावात पाणीपुरवठा खात्यात इंजिनीअर म्हणून चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले. पण तरुणपणी नागपूरच्या एका क्रिकेट क्लबात ते निवड समितीवर होते, आणि ती समिती त्यांच्या अंगातून आजतागायत बरखास्त झालेली नाही. त्या काळी फायनलच्या सकाळी त्यांनी सख्ख्या मोठ्या भावाला संघातून वगळलं होतं. भाऊ दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. काकांना याबद्दल छेडलं की ते शांतपणे सांगतात, “तो ऑफ स्टंपच्या बाहेर बॅट घालून राहिला होता. मी काय करू?” इकडे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत नाटक बसवायचं काम एकदा त्यांच्याकडे आलं, तेव्हा तालमीत दोनदा वाक्यं विसरली म्हणून नायिकेला त्यांनी काढून टाकलं. नायिका मावशी होती. त्या वर्षी गणपती दहा दिवस होते आणि काकांच्या घरी खिचडीही दहा दिवस होती. ती त्यांनी तक्रार न करता खाल्ली, वर दुसऱ्या दिवशीची पहिल्या दिवसापेक्षा बरी होती असा अभिप्रायही दिला.

मी २००१ साली कंपनीच्या व्हिसावर इथे आलो आणि पाऊल टाकतो न टाकतो तोच मंदी आली. कंपनीने सांगितलं, प्रोजेक्ट नाही, बेंचवर बसा. चार महिने मी मावशीकडे पोळ्या हाणत बसलो होतो. एके दिवशी काकांनी माझा रेझ्युमे मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, “यातलं अर्धं खोटं आहे अन् जे खरं आहे ते तू लिहिलंच नाहीस.” मला असा राग आला की सांगता सोय नाही. पण त्याच रात्री मी तो रेझ्युमे नव्याने लिहिला आणि पुढच्या महिन्यात नोकरी लागली. हे मी काकांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर “मग?” एवढंच म्हणाले असते.

त्याच वर्षी आमच्या गावात बेसबॉलची टीम आली. मोठ्या लीगची नव्हे, अगदी तळच्या लीगची. बड्या टीमांनी ज्यांना अजून घेतलं नाही किंवा घेऊन सोडून दिलं, अशी पोट्टी तिथे खेळायची. एखाद्या दिवशी वरून कुणाचा तरी फोन येईल या आशेवर अख्खा उन्हाळा काढायची. टीम पहिल्या वर्षापासून हरत होती आणि ते हरणं दरवर्षी सुधारत होतं. बाकीचं गाव हॉट डॉग खायला आणि फटाके बघायला जायचं. काका मॅच बघायला जायचे. तिसऱ्या रांगेत, बॅटरच्या बरोबर मागे, मांडीवर चिवड्याचा डबा आणि हातात वही. क्रिकेट सोडून या खेळात ते कसे रमले हे मला कधी कळलं नाही. ते म्हणायचे, खेळ कोणताही असो, वगळायची माणसं तीच असतात. खेळाडूंची नावं ते घ्यायचे नाहीत. नाव घेतलं की माया जडते, म्हणून नुसता नंबर. त्यांनी कधी आरडाओरडा केला नाही. मॅनेजरने फारच गाढवपणा केला, म्हणजे धुलाई झालेला पिचर (आपल्याकडचा बोलर) पुन्हा उतरवला वगैरे, की काका उठायचे आणि मैदानाकडे पाठ करून बसायचे. त्यांच्या मागच्या रांगेतल्या लोकांना अख्खी इनिंग काकांचं तोंड बघावं लागायचं. एका आजीबाईंनी तर दया येऊन त्यांना नॅचोज दिले होते.

आणि कार्डं. दर सोमवारी सकाळी काका टीमच्या ऑफिसला एक पोस्टकार्ड टाकायचे. त्यात कुणाला ठेवावं, कुणाला बसवावं, कुणाला घरी पाठवावं याची यादी कारणांसकट असायची, आणि खाली स्वतःची सही, संपूर्ण पत्ता आणि फोन नंबर. निनावी पत्र टाकणं हे भित्र्याचं काम, असं त्यांचं म्हणणं. सहा वर्षांत त्यांना एकाही कार्डाचं उत्तर आलं नाही आणि त्यांच्या एकाही शिफारशीवर अंमल झाला नाही. २००६ सालापासून मात्र त्या यादीत एक ओळ कायमची होती: सतरा नंबर, कॅचर, बॅट अजिबात चालत नाही, घरी पाठवा. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर.

आता या टीमांमध्ये एक पद्धत आहे. पोरांना पगार इतका तुटपुंजा की घरभाडं परवडत नाही, म्हणून गावातली कुटुंबं एकेका खेळाडूला उन्हाळाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतात. मावशीची मुलगी लग्न होऊन सिॲटलला गेली होती, खोली रिकामी होती, आणि मावशीला कुणीतरी जेवायला हवं होतं. तिने लायब्ररीत पडलेला फॉर्म परस्पर भरून टाकला. २००७ च्या मे महिन्यात दाराची बेल वाजली. काकांनी दार उघडलं. समोर साडेसहा फुटी सतरा नंबर, खांद्यावर ढब्बू पिशवी घेऊन उभा. मी तिथेच होतो. काकांचा चेहरा असा झाला की जणू एखादं पोस्टकार्ड पाय फुटून परत आलंय. मावशीने त्याला आत घेतलं, नाव विचारलं. टायलर, राहणार आयोवा. पाच मिनिटांत तो ‘बाळ’ झाला आणि पहिल्याच रात्री चौदा पोळ्या खाऊन मावशीच्या गळ्यातला ताईत बनला.

पोरगं होतं मात्र गुणाचं. स्वतःचं ताट स्वतः धुवायचं. मॅचला निघताना मावशी तळहातावर दही-साखर ठेवायची, ती हात न झटकता चाटायचं. काकांच्या लक्षात आलं की त्याच्याकडेही एक वही आहे, समोरच्या टीमचा कोणता बॅटर कशावर फसतो ते त्यात टिपलेलं असतं. मग काय, नाश्त्याच्या टेबलावर दोन वह्या समोरासमोर उघडायच्या आणि उपमा गार व्हायचा. बुजलेल्या नव्या पिचरपाशी जाऊन टायलर काय बोलतो, त्याला कसा शांत करतो, हे सगळं काकांनी त्याच्याकडून खोदून खोदून काढलं. त्यासाठी वहीत एक नवीन रकाना पाडला. सात वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला बदल होता.

पण बॅट काही चालेना. आणि काका तर काका. दर सोमवारी कार्ड जातच होतं, सतराव्या नंबरच्या ओळीसकट. फक्त आता ते घरापुढच्या पेटीत (इथे पोस्टमन त्यातूनच टपाल घेऊनही जातो) न टाकता गाडी काढून थेट पोस्टात टाकून यायचे, कारण सकाळी घरची टपाल पेटी टायलर बघायचा. मावशीला हे कळलं तेव्हा तिने काकांना असं फैलावर घेतलं की मीसुद्धा जागचा हललो नाही. पोरगं आपल्या घरी जेवतंय आणि तुम्ही त्याच्या पोटावर पाय देताय, लाज कशी वाटत नाही, असं बरंच. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “जेवण तुझ्या हातचं आहे. बॅट त्याच्या हातात आहे.” पण त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि पुढच्या सोमवारी कार्ड लिहायला त्यांना दुपार झाली.

ऑगस्टच्या मध्यावर एका दुपारी टायलर भलत्या वेळी घरी आला. काका अंगणात कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते. टायलरने सांगितलं, सकाळी मॅनेजरने बोलावून घेतलं आणि टीममधून मोकळं केलं. काकांच्या हातातला पाइप तसाच चालू राहिला, कुंडी भरून वाहिली, त्यांचे बूट भिजले. सात वर्षांत टीमने पहिल्यांदा काकांचं ऐकलं होतं.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. जेवणं झाली. मावशीने कारण नसताना शिरा केला होता. काका अचानक उठले, ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत सगळं कबूल करून मोकळे झाले. दीड वर्षं मी दर आठवड्याला तुला काढा म्हणून लिहीत आलो, तू या घरात राहायला आल्यावरही लिहिलं, आजचं हे माझ्यामुळे झालं असेल, आणि तुला या घरातून आत्ता निघून जावंसं वाटलं तर मी समजू शकतो. एवढं बोलून ते खाली बसले.

टायलर म्हणाला, त्याला माहीत होतं. कार्डं ड्रेसिंग रूमच्या फळ्यावर टाचलेली असायची, दर मंगळवारी कोच ती मोठ्याने वाचायचा आणि सगळे हसायचे. मॅनेजर मात्र कधी ऐकायला थांबला नाही, आणि आजचा निर्णय महिनाभर आधीच ठरला होता. उन्हाळ्यासाठी घरांची यादी आली तेव्हा त्यात कार्डावरचाच पत्ता दिसला. त्याने हे घर मागून घेतलं होतं.

मावशी आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. 

मग टायलरने विचारलं, “तीन महिने तुम्ही मला रोज पाहिलंत. तुमचं मत बदललं का?”

मला कळलं की हाच प्रश्न विचारायला तो या घरात आला होता. आयोवात त्याच्या भावाने कामाला ये म्हणून सांगितलं होतं, आणि दुसऱ्या एका टीमने पुढच्या वर्षी बघू म्हटलं होतं. वय सव्वीस. मावशीने टेबलाखालून काकांना पाय मारला, तो मला लागला. एक शब्द खोटा बोलले असते तर काय बिघडलं असतं? मी मनातल्या मनात गणपतीला विनवत होतो की आज तरी या माणसाला खोटं बोलायची बुद्धी दे.

“नाही,” काका म्हणाले. “मला मुलगा असता आणि तो तुझ्यासारखा असता, तर मी त्याला गावभर मिरवला असता. पण तुला बॅट येत नाही आणि आता येणार नाही. वरून फोन येणार नाही. दुसऱ्यांना शिकवायला लाग, त्यात तुझ्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही.” शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला. तीस वर्षांत मावशीनेही तो फुटलेला ऐकला नव्हता.

टायलरने टोपी हातात एकदा फिरवली. डोळे पुसले. मग म्हणाला, सहा वर्षं प्रत्येक जण सांगतोय की आता थोडंच राहिलंय. नाही म्हणणारे आणि खाली पत्ता लिहिणारे तुम्ही एकटेच. आणि मग त्याने उरलेला शिरा मागितला. त्या क्षणी मला आमच्या या हट्टी, तिरसट, खडूस काकांचा असा अभिमान वाटला की उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण त्यांनी वाकण्याच्या पद्धतीत चूक काढली असती.

तो गेला तेव्हा मावशीने दही-साखर ठेवली, चिवड्याचे तीन डबे बांधून दिले. काकांनी त्या मोसमाची वही दिली.

यंदा, म्हणजे २००८ च्या वसंतात, त्याचा फोन आला. आयोवात एका शाळेच्या टीमचा तो कोच झालाय. निवडीची यादी लावली, त्यात मुख्याध्यापकांच्या मुलाचं नाव नव्हतं. यादीखाली त्याने स्वतःचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता लिहिला होता. काका हे अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला सांगत फिरले, चार-चारदा, ज्यांना बेसबॉल म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांनासुद्धा.

कार्डं अजून जातात. टीम अजून हरते. मागच्या शनिवारी आम्ही तिघं मॅचला गेलो होतो. सतरा नंबर आता एका नव्या पोराच्या पाठीवर आहे, एकोणीस-वीस वर्षांचं, काडीसारखं. ते तीनदा आलं आणि तीनदा हवेत बॅट फिरवून परत गेलं. मी काकांच्या वहीत डोकावलो. बाकी सगळ्या नंबरांपुढे शेरे होते, सतरापुढची जागा कोरी होती. पूर्ण मोसमभर कोरी होती. मी विचारलं, याचं काय, हा तर आधीच्यापेक्षा वाईट आहे.

काकांनी चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला. “लहान आहे अजून,” ते म्हणाले. “त्याला थोडा वेळ द्यायला पाहिजे.”

असलं वाक्य मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. मी मावशीकडे पाहिलं. ती मैदानाकडे बघत होती, डोळे भरलेले. मग हळूच माझ्याकडे झुकून म्हणाली, “नागपूरला मोठ्या भाऊजींना मात्र यातलं काही कळवू नकोस हं.”