मोईनसाहेबांचा पहिला प्रश्न

मोईनसाहेब वकिलांची खोली नांदेडच्या कोर्टासमोर होती. पक्षकार रडत येवो की शिव्या देत, ते हात वर करून थांबवायचे आणि विचारायचे, "कुठं?" काय झालं, कुणी केलं, हे नंतर.

मी शिव्या देतच गेलो होतो. हमाली करून फरशीचा धंदा उभा केलेला माणूस मी. लातूरच्या भूकंपानंतर लोकांना दगडी भिंतींची धास्ती बसली, तरी खाली अंथरायला शहाबादी फरशी लागायचीच. पुढे लातूरला क्लासेस वाढले, पोरांच्या खोल्यांसाठी गल्लोगल्ली इमारती उठल्या. तेवढ्यात सरकारने नियम काढला. बाहेरच्या राज्यातून आलेल्या फरशीवर जादा कर, इथल्या खाणीतल्या फरशीला माफ. कर्नाटकातल्या शहाबादहून येणारा माझा ट्रक देगलूरच्या नाक्यावर अडकला. लातूरच्या एका वसतिगृहाचा माल होता तो.

"साहेब, त्या नाक्यावरच्या कारकुनाला देगलूरच्या कोर्टात खेचतो!"

"खामखा गरिबावर कायकू चिडता, शेठ? त्यानं नुसतं नियमात लिहिलेलं वाचलं. देगलूरचं कोर्ट कायदा लावतंय, मोडत न्हाई. मोडायचा असंल तर औरंगाबाद. हायकोर्ट."

फरशीवाल्यांच्या संघटनेत एकानेही हायकोर्टाच्या अर्जावर सही दिली नाही. अर्ज माझ्या एकट्याच्या नावाने गेला. मग कर खात्यातल्या वरच्या एका साहेबाचा निरोप आला: अर्ज मागे घ्या, ट्रक आजच सोडतो. जन्मभर सौदे केलेले. मला हा सौदा पटला.

मोईनसाहेबांनी चहा बशीत ओतला. "घ्या मागं. मालक तुम्ही. फक्त सांगा, दुसरा ट्रक कुठं हाय?"

"शहाबादेत भरून राहिला."

"आन् येणार कुठून?"

"त्याच नाक्यावरून," मी म्हणालो.

"ट्रक सुटंल, शेठ. रस्ता न्हाई सुटणार."

मी टेबलावर हात आपटून निघून आलो, पण अर्ज मागे घेतला नाही. वसतिगृहवाल्याने दुसरीकडून फरशी घेतली. ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

औरंगाबादला सरकारच्या बाजूने काळ्या कोटांची रांग होती. इकडे मोईनसाहेब एकटे, विटक्या कोटात. कागद चाळणारे न्यायमूर्ती त्यांचं बोलणं सुरू झाल्यावर थांबले आणि नुसतं ऐकत राहिले. सगळं इंग्रजीत. बाहेर येऊन मी अर्थ विचारला.

"हेच म्हणलो, कर लावा, तुमचा हक्क हाय. पण दोन्ही दगडांना बराबर. देश एक बाजार हाय. शेजारच्या राज्यातून आला म्हणून दगडाला सजा न्हाई."

नियम रद्द झाला. चहाच्या डागांनी भरलेल्या त्या टेबलावरून एका माणसाने सरकारचा कायदा मोडीत काढला. 

संघटनेने मग सत्कार ठेवला. शाल संघटनेच्याच अध्यक्षाला! मोईनसाहेब शेवटच्या रांगेत बसून शांतपणे पेढा खात होते. मी उठून बोलणार, तोच त्यांनी बाही ओढली. "कुठं दुखून राहिलं, शेठ? ट्रक येतात ना?"

मला ते अजून दुखतं.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. कबर पक्की नको, असं सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांच्या मुलाला विचारून मी कब्रस्तानातल्या चिखलाच्या वाटेवर फरशी टाकायचं ठरवलं. माल शहाबादचाच. राहवेना म्हणून ड्रायव्हरला फोन लावला.

"कुठं?"

"नाका मागं राहिला, शेठ. थांबवायला कुणी हात बी न्हाई केला."